रंगाखालचा बोल्ट

आईला श्वास पुरवणारं यंत्र गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीवर चालणार, हे ठरलं त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

आई मूळची म्हसवडकडची. मेंढरांमागं हिंडण्यात तिचा जन्म गेला. आता छाती थकली, म्हणून कडेगावात माझ्या घरी नाकाला नळी लावून बसलेली. आपल्या माळावर एक दिवस आणि एक रात्र काढायची, एवढंच तिचं मागणं होतं. माळावर वीज नाही. मी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग बसवला, छोटा ओटा केला आणि इंजिनाच्या बॅटरीशेजारी यंत्रासाठी दुसरी ठेवली. गाडी चालली की दोन्ही भराव्यात, असा बेत.

फौजेत मी वीस वर्षं गाड्या चालवल्या, पण इतका कधी घाबरलो नव्हतो. वाटेत ही बॅटरी भरलीच नाही तर? रोज संध्याकाळी घरातून वायर ओढून ती चार्जरला लावायचो. सकाळी वायर काढायची, इंजिन सुरू करायचं आणि बॅटरीच्या व्होल्टचा मीटर बघायचा. आकडा तेराच्या वर. दहा मिनिटांनी परत बघायचा. गाडीलाही सलाइन लावलंय का, असं बायकोनं एकदा विचारलंसुद्धा.

निघायच्या आदल्या सकाळी आई ओसरीवरून हे बघत होती. आकडा चांगला आहे, म्हणजे इंजिन बॅटरी भरतंय, असं मी तिला समजावलं. रात्रभर बॅटरीला घरचंच पाजलंस ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

“आरं, जाग्यावर वैरण खाल्लेलं मेंढरू सकाळी टवटवीत दिसायचंच. उपाशी सोड त्याला. मग कळंल, माळावर चरतंय का न्हाई.”

मला रागच आला. गाड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला आई मेंढरांच्या गोष्टी सांगत होती. पण ती बरोबर होती. चार्जर काढल्यावर काही वेळ आकडा चढलेलाच राहतो, हे मला ठाऊक होतं. भीतीपोटी मी रोज बॅटरी आधीच भरून ठेवत होतो आणि तपासल्याचं समाधान करून घेत होतो.

दुपारपर्यंत पंखा आणि दिवे लावून बॅटरी उतरवली. आकडा बारा पूर्णांक दोनवर आला. मग इंजिन सुरू केलं. आता तो चौदाच्या आसपास जायला हवा होता. तो जागचा हलला नाही.

गाडीखाली शिरलो. वायर ठीक, फ्यूज ठीक. शेवटी अर्थची वायर चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आवळणारा बोल्ट उघडला आणि कपाळावर हात मारला. साहेब येणार म्हटलं की दिसेल त्याला रंग द्यायचा, ही फौजेतली खोड. आई बसणार म्हणून मी चेसिसलाही काळा रंग फासला होता आणि त्या रंगावरच बोल्ट आवळला होता. रंगातून वीज जाणार कुठून? पॉलिश पेपरनं घासून खालचं लोखंड उघडं केलं, बोल्ट पुन्हा आवळला. इंजिन सुरू करताच आकडा तेरा पूर्णांक नऊवर गेला.

दुसऱ्या दिवशी माळावर पोचलो आणि इंजिन बंद केलं. आई गाडीच्या दारात पाय सोडून बसली. यंत्र तिच्यामागं घरघरत होतं. मी तिच्याकडं पाठ करून मीटरसमोर बसलो. बारा पूर्णांक सात. थोड्या वेळानं बारा पूर्णांक सहा. एवढं उतरणारच, हे कळत होतं, तरी जीव टांगणीला लागला होता.

मग आकडा आपोआप वर सरकला. पुन्हा सात, मग आठ. इंजिन बंद असताना बॅटरी चढतेय, याचा मला आनंद झाला. तो ओसरायच्या आत कानाला शांतता जाणवली.

यंत्र बंद होतं, म्हणूनच बॅटरीवरचा भार उतरला होता. नळी आईच्या मांडीवर होती. ती माळाकडं बघत खांदे वर उचलून श्वास घेत होती.

“बॅटरी उपाशी ठिवून बघितलीस,” ती थांबत थांबत म्हणाली, “म्हनलं, आपली छाती बी बघावी.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण आधी तिच्या नाकाला नळी लावली, यंत्राचं बटण दाबलं. मीटरवरचा आकडा खाली आला. तो खाली आलेला बघून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.