दप्तराविना शनिवार

नव्या शैक्षणिक धोरणामुळे माझ्या मुलीची, सईची शाळा काही शनिवारी दप्तराविना भरते. एरवी स्कूटरवर पाठीवरचं ओझं तिला मागे खेचतं, म्हणून ती मागची दांडी घट्ट धरून गप्प बसते. पोरगी अबोल आहे, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आज तिने माझ्या कमरेला हात घातले, पाठीवर हनुवटी टेकली आणि बोलत सुटली. "कुंभारकाका येणारेत. मागच्या वेळी सरांचं मडकं चाकावरच बसलं."

धोरण लिहिताना हा शनिवार ज्याला सुचला, त्या अनोळखी माणसाचे मी मनोमन आभार मानले.

शाळेचं फाटक आलं.

"बाबा, अजून एक चक्कर मार ना. की घाई आहे तुला?"

रोज इथे मी "उतर लवकर" म्हणतो. आज स्कूटर वळवली.