पहारीवरचा हात

कुरवंड्याच्या बहिरूच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. त्याची बायको सारजाबाई म्हणायची, "आमच्या घरात चूल नंतर पेटती, मालक आदी पेटत्यात." पण जड ओझं जाग्यावर बसवायचं म्हटलं, की अख्ख्या लोणावळ्यात लोक त्यालाच शोधत यायचे. तरुणपणी घाटात रेल्वेचे रूळ उचलता उचलता त्यानं माणसांची बोटं जाताना पाहिली होती. म्हणून त्याच्या टोळीत एक नेम होता. जड वस्तू टेकायच्या वेळी बहिरू तिची कड पहारीवर तोलून धरायचा आणि एकेकाचं नाव घ्यायचा. ज्यानं हात काढला त्यानं 'मोकळा' म्हणायचं. सगळे मोकळे झाले की मगच पहार निघायची.

आता या नेमाला एक खोट लागली होती. टोळीतला शिदू म्हणजे सारजाबाईचा धाकटा भाऊ, बहिरूचा सख्खा मेहुणा. बहिरूच्या लेकीचं, हिराचं लग्न होतं, तेव्हा शिदू पुण्याला ट्रकबरोबर गेला होता आणि वाटेत ट्रक बंद पडला. इकडे मुहूर्त टळायला आला. बहिरूचं डोकं फिरलं आणि त्यानं दुसऱ्याच कुणाला तरी नवरीच्या पाठीशी मामा म्हणून उभं केलं. शिदू धावतपळत मांडवात पोचला तर अक्षता पडून गेलेल्या! सख्ख्या मामाचा असा अपमान? त्या दिवसापासून आठ महिने दोघांचा अबोला. टोळी काही सुटली नाही, पोट कुणाला चुकलंय? पण बहिरूनं नाव घेतलं की शिदू तोंडानं 'मोकळा' म्हणायचा नाही. लोखंडावर दोनदा टकटक करायचा. बहिरूनंही ते चालवून घेतलं. मेहुण्याला बोलतं करायला त्याचं कुठं अडलं होतं!

साल एकोणसत्तर. खंडाळ्याच्या वाटेवरच्या एका कारखान्यात आतल्या टेलिफोनांची खोली होती. तिथं माणसाहून उंच लोखंडी घोडा, म्हणजे उभी मांडणी, आणि त्याच्या खणांत सगळी यंत्रं. टेलिफोनला वीज देणारी चार मणांची पेटी दुरुस्त होऊन आली होती, ती परत खणात बसवायची होती. कारखान्याचा साहेब तरणा, कडक इस्त्रीचा, आणि घाईला आलेला.

"घोड्याचे बोल्ट नंतर आवळू. आधी पेटी बसवा."

"आन् घोडा अंगावर आला म्हंजी? तुमी धरनार का?" बहिरू कडाडला. "आदी बोल्ट. पेटी तळच्या खनात. न्हाईतर ह्ये आमी निगालो."

साहेबाचा चेहरा लाल झाला, पण बोल्ट आवळले गेले.

पेटी उचलली, खणाच्या तोंडाशी टेकवली, आत सरकवली. शिदू घोड्याच्या मागं बसला होता, पुढून दिसत नव्हता. पेटीच्या मागच्या कडेखाली लाकडी पाचर होती, ती काढायचं काम त्याचं. बहिरूनं पुढून पहार घालून पेटी तोलली.

"बाजीराव?"

"मोकळा!"

"गोरख?"

"मोकळा!"

"शिदू?"

टक टक.

बहिरूनं पहार काढली.

असली किंकाळी त्यानं घाटातही ऐकली नव्हती. त्यानं पहार पुन्हा खुपसली, सगळं अंग तिच्यावर टाकलं. गोरखनं मागं जाऊन शिदूचा हात ओढून काढला. दोन बोटांचा चेंदा झाला होता. साहेब बाजूला उभा, हातात पाना. "मी सहज घोड्यावर वाजवला... घाई होती म्हणून..."

"सहज?" बहिरूच्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गोरख शिदूला घेऊन दवाखान्याकडे धावला. बहिरूला जाता येईना. पहार सोडली तर पेटी तिरकी आदळणार आणि सगळा खण वाकणार. बाजीराव पुढची कड धरून उभा होता. पाचर तशीच आत.

"सायेब, मागं बसा. पाचर काडा."

"मी?"

"मग कोन? जितं त्याचा हात व्हता, तितंच घाला हात."

साहेब बसला. कडक बाह्या रक्तानं माखल्या. पाचर निघाल्याचा आवाज आला. बहिरूनं पहार जागची हलू दिली नाही.

"सायेब?"

उत्तर नाही.

"तोंडानं बोला! न्हाईतर ही पहार सोडली बगा!"

"मो... मोकळा," साहेब रडकुंडीला येऊन म्हणाला.

पेटी बसली. बहिरू पहार तिथंच फेकून दवाखान्यात धावत गेला. शिदूच्या हाताला हे एवढं थोरलं बँडेज होतं. दोन बोटं गेली होती. त्याला पाहताच बहिरूचा राग आभाळाला भिडला. साहेबावरचा, स्वतःवरचा, सगळा त्यानं शिदूवरच ओतला.

"मुडद्या! एक शबूद बोलला असतास तर जीब झडली असती का तुजी? आट म्हयनं! आट म्हयनं मुका ऱ्हायलास, आन् आता बग!"

 शिदू आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याशी बोलला.

"दाजी, तुमी तरी कुटं बोललात?"

  बहिरू खाटेच्या कडेवर बसला आणि ज्या हातानं पहार काढली होती तो धोतरावर घासत राहिला.