नकाराची साखर

माझ्या तळहातावर चिमूटभर साखर आहे आणि ती मला नोकरी न मिळाल्याबद्दल मिळाली आहे.

झालं असं, की परवा माझी मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आत्ता फोन आला. "या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घेतलं," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलणं आवडलं, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सराव कमी पडतोय. तेवढा करा आणि पुन्हा अर्ज करा." मी इतक्या आनंदाने थँक्यू म्हणालो की ओट्याशी उभ्या असलेल्या आईने डबा उघडून माझ्या हातावर साखरच ठेवली.

याआधीच्या एका साहेबांनी माझी सगळी मुलाखत मोबाइलमध्ये बघत घेतली होती आणि शेवटी "कळवतो" म्हणाले होते. त्या एका शब्दावर माणूस किती दिवस काढतो. आंघोळीला जाताना फोन आईच्या हातात देऊन जातो. अनोळखी नंबर दिसला की घसा खाकरतो, आणि पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का विचारतं. असं उंबऱ्यावर ताटकळत ठेवलं की आत जाता येत नाही आणि परतही फिरवत नाही. या बाईंनी मला मोकळं केलं, वर रस्ताही दाखवला. आजच सरावाला बसावं असं वाटतंय.

"लागली ना नोकरी?" आई विचारते.

"नाही. पण त्यांनी कळवलं."

 आई डब्यात पुन्हा हात घालते आणि एक चिमूट स्वतःच्या तोंडात टाकते.