उघडी भिंत

धुळ्यातल्या त्या इमारतीवर मी साइट इंजिनिअर होते. कामातली नासाडी कमी कशी करायची, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण जळगावला घेऊन आले आणि पहिल्याच सकाळी दुसऱ्या मजल्यावर एका बाथरूमची भिंत फुटताना पाहिली. प्लास्टर झाल्यावर वायरमन आला, त्याने फोडली. आबांनी, आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी, ती बुजवली. मग प्लंबर आला, त्याने गिझरच्या पाइपसाठी पुन्हा फोडली.

मी शेठना, आमच्या बिल्डरना, म्हटलं, "एकच काम तीनदा होतंय. सिमेंट, वाळू, माणसांचे दिवस, सगळं वाया."

"वाया कुठं? मलबा पार्किंगच्या भरावात टाकतोच की आपण!"



सोमवारी सकाळी नऊला सगळ्यांनी भेटायचं, असं मी फळ्यावर लिहिलं. नऊला मी आणि फळा. प्लंबर पावणेदहाला चहा पिऊन आला. वायरमनचं दुसरं काम चोपड्याला चालू होतं. फोनवर म्हणाला, "निघालोच आहे मॅडम." हेच तो चार दिवस म्हणत राहिला.

तेवढ्यात प्लंबरने ती भिंत परत बुजवायला सांगितली. आबांनी थापी खाली ठेवली, घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसले.

"ताई, मी आते हाई भीत करसू नही. बठ्ठं वाया जास."

सगळं वाया जातं, हे माझ्या मनातलंच बोलले ते. म्हटलं, "नका करू. आता वायरमन आणि प्लंबर दोघं आपलं काम संपलं म्हणून भिंतीवर खडूने सही करतील, मगच प्लास्टर."

शेठ तापले. "काम बंद पाडलंस?"

"भिंत उघडी ठेवलीय. काम बंद नाही."

शुक्रवारी वायरमन एकदाचा उगवला. प्लंबर आणि तो पहिल्यांदाच एका भिंतीसमोर एकत्र उभे राहिले, तेव्हा कळलं की गिझरचा पाइप आणि स्विचची पेटी दोघांनीही नेमकी एकाच जागी ठरवली होती! अर्धा तास भांडले. शेवटी आबांनी खडू घेऊन दोन रेघा मारल्या. "हाई तुनी, हाई त्यानी." दहा मिनिटांचं काम. इतके दिवस कुणी केलं नव्हतं. दोघांनी आपापलं काम उरकून सह्या केल्या आणि त्या भिंतीला शेवटचं प्लास्टर झालं.

तिसरा मजला असाच, खडूच्या सह्यांवर झाला. एकही भिंत परत फोडावी लागली नाही. गिऱ्हाइकांना फिरवताना शेठ सांगू लागले, "ही आमची पद्धत." मी दात ओठ खात ऐकलं.

मग एका रविवारी, मी घरी असताना, शेठचा फोन. गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून त्यांनी दुसऱ्या साइटवरची माणसं चौथ्या मजल्यावर प्लास्टरला पाठवली होती, आणि आबा दारात आडवे उभे होते.

"म्हणतो, सह्या नाहीत! हे खूळ तूच घातलंस ना त्याच्या डोक्यात?"

"हो," मी म्हटलं. "आणि त्यांना हटवू नका."

 पलीकडे शेठ कुणावर तरी ओरडले, "अरे, त्या वायरमनला फोन लावा!"