अडुसष्ट किलोचा नवस

भुताखेतांचे, साक्षात्काराचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ खिल्ली उडवली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझी बायको सुलभा मागे उभी राहून हसतेय. हसू दे! वजनकाटे तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका फॅक्टरीत मी कॅलिब्रेशन इंजिनिअर होतो, म्हणजे काट्यांच्या बाबतीत मला फसवणं सोपं नाही.

१९८६चा हिवाळा. ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरलो आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने काठी घेऊन फिरत होतो. तिकडे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आई देवीला नवस बोलली – पोरगा काठीशिवाय चालू दे, त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन.

मार्चमध्ये काठी सुटली. मी तसं कळवलं, लगेच आईचं पत्र आलं : ‘तुझं वजन कळव. गुळाची तुला करायची आहे.’

माझं वजन होतं चौऱ्याऐंशी किलो, इथल्या हिशोबात एकशे पंच्याऐंशी पौंड. मी लिहिलं अडुसष्ट... भारत सोडताना होतं तेवढं. का? लाज वाटली, दुसरं काय! सगळ्या गावासमोर माझी ढेरी मोजली जाणार होती. म्हटलं, तुला होईपर्यंत खरोखरच उतरवू, म्हणजे खोटंही ठरणार नाही.

मग जिम लावली. रोज पाऊण तास सायकल. माझी पद्धत एकदम चोख – वजन सकाळी, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, काटा कार्पेटवर नाही तर टाइल्सवर. व्यायामानंतर दोन पौंड कमी दिसायचे, पण तो नुसता घाम. पाणी प्यायलं की परत जागेवर. महिनाभर घाम गाळला, काटा एकशे पंच्याऐंशीवरून हलला नाही.

आणि एका शनिवारी सकाळी काट्यावर उभा राहिलो, तर दीडशे.

दीडशे पौंड म्हणजे अडुसष्ट किलो.

मी खाली उतरलो, पुन्हा चढलो. दीडशे. सुलभाला उभं केलं – एकशे अठ्ठावीस, तिचं नेहमीचं. जिममध्ये गेलो, तिथल्या सरकत्या वजनाच्या काट्यावरही दीडशे. सोमवारी फॅक्टरीतून पन्नास पौंडांचं प्रमाणित वजन घरी आणलं. एकटं ठेवलं, पन्नास भरलं. हातात घेऊन उभा राहिलो, बरोब्बर दोनशे. पट्टा मात्र त्याच शेवटच्या भोकात!

“अहो, डॉक्टरांना दाखवा,” सुलभा म्हणाली. “मला भीती वाटतेय.”

“काट्याचं मी बघतो गं, डोण्ट वरी,” मी ऐटीत म्हणालो. खरं तर मी खूश होतो. जिममध्ये दोघातिघांना आकडा दाखवूनही झाला.

पंधरा दिवसांनी आईचं पत्र आलं. ते अजून माझ्याकडे आहे, तारीख त्याच शनिवारची.

‘शनिवारी देवळात तुला केली. तू इथे नाहीस म्हणून पारड्यात मी बसले. मी बावन्न किलो, वर मांडीवर सोळा किलोची मापं घेतली. समोर अडुसष्ट किलो गूळ ठेवला, पण माझं पारडं उचलेना. लोक कुजबुजायला लागले, देवीला नवस मान्य नाही. मला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं. मी उतरले नाही. शेजाऱ्यांनी घराघरांतून ढेपा आणून टाकल्या. चौऱ्याऐंशी किलोला पारडं उचललं. ताबडतोब खुशाली कळव.’

‘मी उतरले नाही’ ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. काट्यामुळे नव्हे. मांडीवर लोखंडी मापं घेऊन, सगळ्या गावासमोर, मुलगा गेला की काय या धास्तीने बसलेली आई डोळ्यांपुढून हलेना. माझ्या ढेरीपायी!

गावात फोन एकाच डॉक्टरांकडे होता. रविवारी सकाळी कॉल लागला, त्यांनी आईला बोलावून आणलं. मी एका दमात सगळं कबूल केलं. चौऱ्याऐंशीच होतो, आई. चुकलो.

ती रागावेल असं वाटलं होतं. फोनच्या खरखरीतून ती म्हणाली,

“पायाचं तरी खरं लिहिलंयस का रे?”

मी आईचा प्रश्न सुलभाला सांगितला. तिने रिसीव्हर घेतला, मला किचनमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं आणि ओरडून सांगत राहिली, “चालतायत, आई! काठी नाहीये! आत्ता वळले... परत येतायत!” मी चालत होतो आणि रडत होतो.

फोन ठेवल्यावर काट्यावर उभा राहिलो. एकशे पंच्याऐंशी.

हवेतली आर्द्रता, स्प्रिंग, योगायोग... सगळं तपासून झालं. देवळातला काटा गंजलेला असेल म्हणावं, तर त्या गावच्या काट्याला माझा खरा आकडा कुठून कळला? माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. निवृत्त झालो तरी नाही.

आई पुढे अकरा वर्षं होती. माझ्या पायाबद्दल तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही. ते ती सुलभाला वेगळ्या पत्रात विचारायची.