सहा फुटी उजेड

रंगमंचावर दिवा लागला की इंगळे सर त्याच्या उजेडात जाऊन उभे राहत. दिवा कुठलाही असो, सर तिथे हजर. जालन्याच्या आमच्या कॉलेजात ते मराठी शिकवायचे आणि कधीकाळी पुण्यात प्रकाशयोजनेचं शिबिर करून आल्यामुळे नाटकाचे दिवेही त्यांच्याच ताब्यात होते. शिबिर दोन दिवसांचं होतं. आम्हाला ते तीन वर्षं पुरलं.

“लाइट लावायचा नसतो पोरांनो, लाइट जगायचा असतो!” हे त्यांचं पहिल्या दिवसाचं वाक्य. उजेड कमी-जास्त करणारा डिमर कुठून चालू होतो, ते मात्र आमचं आम्हीच चाचपडत शोधलं.

त्या वर्षी युवक महोत्सवाची एकांकिका होती आणि दिव्यांवर मी. दिवा नेमका बसवायचा तर नटाच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं. हा मान सर कुणाला कशाला देतील? सहा फूट उंच, गोरेपान, हनुवटी वर. “मार माझ्या तोंडावर. बराबर मार!” एक मात्र कबूल करते, पोरीला शिडीवर चढू देणारे तेव्हा तेच एकटे. मी वर पोचेपर्यंत दोन्ही हातांनी शिडी धरायचे. “जपून गं, पडलीस तर तुझ्या बापाला काय सांगू मी?” आणि मी वर पोचले की लगबगीनं उजेडाकडे.

असे सगळे दिवे सरांच्या तोंडाला बसले. नाटकात मुख्य काम मात्र वैशालीचं होतं. वैशाली अंकुशनगरची, साखर कारखान्यातल्या फिटरची मुलगी. उंची जेमतेम पाच फूट, रंग चांगला काळा, आणि आवाज असा की मागच्या रांगेत डुलकी घेणाराही दचकून उठावा. तालमीत ती तिच्या जागी उभी राहिली आणि उजेड तिच्या डोक्यावरून जाऊन मागच्या पांढऱ्या पडद्यावर पडला. पडदा झळाळला, पोरगी अंधारात.

सर खुर्चीतून उठले. “काळ्या तोंडावर लाइट टिकत न्हाई. शास्त्र हाय ते. पावडर थाप दाबून. उद्याच्या तालमीत दिसली न्हाई, तर रोल बदलून टाकतो.”

बदली कोण, तर एक गोरी मुलगी, जिला चार वाक्यं सलग आठवत नव्हती. वैशाली मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत राहिली. मला असा संताप आला! कसलं डोंबलाचं शास्त्र?

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आत आम्ही दोघी हॉलवर. दिवा खाली वाकवला. सरांना निळा रंग गंभीर वाटतो म्हणून लावलेला निळा कागद काढून टाकला. पडद्यावरचा उजेड उतरवला. वैशालीचे डोळे दिसले, ओठ दिसले, कपाळावरची आठीसुद्धा दिसली. अगं बाई, एवढंच होतं!

तालीम झाली. सर टाळ्या वाजवत पुढे आले. “बघा! म्हन्लं न्हवतं मी? पावडरची कमाल!”

वैशाली रंगमंचाच्या कडेला आली. ओढणीनं गाल खसाखसा पुसला आणि ओढणी सरांपुढे धरली. स्वच्छ. “सर, तोंड धुऊन आल्ते. लावलं काहीच न्हाई.”

सरांनी ओढणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग हेच तर वर्षभर शिकवून राह्यलो ना मी!”

रोल वैशालीचाच राहिला, आणि महोत्सवात तिनं हॉल हलवून सोडला.

पुढे सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी गहिवरून सांगितलं, “वैशालीला उजेडात आणलं ते या इंगळेनं.” टाळ्यांचा नुसता पाऊस. मीही वाजवल्या, काही झालं तरी माणूस आमचा होता. वैशाली शेजारीच बसली होती. हात मांडीवर ठेवून म्हणाली, “खरंच तर हाय. अंधारात उभं बी त्यांनीच केल्तं.”