डोहावरची आठची हजेरी

लिंबाजीच्या रजिस्टरात एक दिवस तीन फूट पाच इंच लिहिलेलं, मग सलग चार दिवस नुसतं तीन फूट. नदी इतकी शिस्तीची नसते. मला तिथंच शंका आली.

तेव्हा मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होतो. ढोकी गावाच्या खालच्या अंगाला, तेरणा नदीच्या डोहात आमचा गेज होता. गेज म्हणजे फूट आणि इंच रंगवलेली उभी लाकडी पट्टी. रोज सकाळी आठला घाटाच्या पायऱ्या उतरून तिच्यावर पाणी कुठवर आलं ते वाचायचं, एवढंच लिंबाजीचं काम. पुढचा बंधारा या आकड्यांवरच ठरणार होता.

"घरी बसून लिहीत असेल," आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणाले. "जाऊन बघा. खरं निघालं तर कामावरून काढा."

न कळवता गेलो. आठच्या सुमाराला लिंबाजी घाटावर नव्हताच. घाटापलीकडच्या खडकावर उभा राहून डबा वाजवत होता. पायाशी आतड्यांनी भरलेली पाटी. सरकारी वेळेत हा कुणाचा धंदा करतोय, असं मला वाटलं. त्यानं आतडी पाण्यात फेकली आणि खालून मगर वर आली. चांगली दहा फुटी.

"लिंबाजी, हे काय चालवलंय?"

"साहेब, ती हिकडं खाती तवर म्या तिकडं उतरून पट्टी वाचतो. खाटकाकडं काय मिळालं न्हाय तर उतरत न्हाय. वरूनच अंदाजानं लिवतो. वरनं इंच दिसत न्हाईत."

"ही आधीपासून घाटावर यायची?"

"न्हाय. लव्हाळ्यात असायची. माणूस दिसलं की बुडायची. पर मला भ्या वाटायचं, म्हून म्याच खायला घालाय लागलो. आता उपाशी ऱ्हायली की पायऱ्यापाशी येती."

मगर पायऱ्यांपाशी येते ही गोष्ट नोकरी वाचवायला रचतोय, असा माझा अंदाज. म्हणालो, "उद्या डबा नाही, आतडी नाहीत. मी स्वतः वाचतो."

"लई जिवावरचं काम हाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी आठला उतरलो. पाणी अगदी शांत. वाकून वाचलं, तीन फूट सात इंच. लिहायला पेन्सिल काढली, तोच लिंबाजीनं मागून कॉलर धरून मला वर ओढलं. माझा गुडघा होता तिथं जबडा मिटला आणि पट्टी कडकन मोडली. मी भ्यालो, आणि त्याहून जास्त शरमलो.

नवा गेज पुलाच्या खांबावर रंगवून घेतला, वरूनही इंच वाचता येतील असा. आतडी बंद केली. मगर तरी दोन महिने रोज आठला घाटावर येत राहिली. तेवढे दिवस धुणं बंद, म्हणून गावातल्या बाया माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. मग ती लव्हाळ्यात परतली.

"आकडे खोटे होते ना? मग त्याला काढलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

मी पट्टीचा तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि रजिस्टर मिटलं. लिंबाजी त्याच नोकरीत म्हातारा झाला.

रानच्या जनावराला जेवणाची वेळ लावून देऊ नये. आपल्याला सुट्टी असते, त्याला नसते.